घाट दिवसाच चढावा

सहलीच्या बसने घाट दिवसाउजेडीच चढावा आणि उतरावा, आणि ती बस चालवणाऱ्याला मुक्कामाच्या गावी पाठ टेकायला खोली मिळावी. माझी मागणी इतकीच आहे. ती वर्तमानपत्रात लिहून मागावी लागते, कारण दिवाळी आटोपली की आमच्या भागातून ज्या सहली निघतात, त्यांतल्या बऱ्याचशा नेमक्या याच्या उलट चालतात.

मी बोरगावची. सौंसर तालुक्यातलं, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं हे गाव. रेमंडच्या कारखान्यामुळे बाहेरच्यांना नाव ठाऊक असतं. 2023 पर्यंत आमचा जिल्हा छिंदवाडा होता, आता पांढुर्णा आहे. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, हे मात्र जिल्हा बदलून बदललं नाही. माझे वडील ट्रकवर होते. आंबिया बहाराची संत्री भरली की सौंसर, रामाकोना, सिल्लेवानी घाट, छिंदवाडा आणि तिथून जबलपूर, ही त्यांची नेहमीची वाट. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, न्यूट्रल मारून डिझेल वाचवायचं नाही, डोळा जड झाला की गाडी बाजूला लावायची, हे मी पाढे पाठ करायच्या वयात ऐकलं. घाटातल्या बसबद्दल मी बोलते ते या घरातून आलेलं आहे.

आमच्या गल्लीतल्या बाया दरवर्षी बस करतात. काही भजनी मंडळातल्या, काही बचत गटातल्या, दोन-चार जणी संत्र्याच्या तोडणीला जाणाऱ्या. पैसे गोळा करणं, बस ठरवणं, लॉजवाल्याशी बोलणं हे माझ्याकडे असतं. त्यामुळे सहलीचा हिशेब कसा बसवतात ते मला जवळून दिसतं.

"दोन रात्री, तीन दिवस, पचमढी" असं पत्रकावर लिहिलेलं असतं. यातली पहिली रात्र बसमध्ये जाते. बस नागपूर किंवा सावनेरहून रात्री निघते, मध्यरात्रीच्या सुमारास आमच्याकडे येते, सिल्लेवानी घाट त्यानंतर लागतो, तामिया तीनच्या आगेमागे, आणि पहाटेच्या अंधारात पचमढी. लॉजच्या खोल्या तेव्हा रिकाम्या नसतात. मग म्हाताऱ्या बाया, लहान पोरं, सगळी स्टँडवर तोंड धुतात आणि पुन्हा बसमध्ये येऊन बसून राहतात. इतकं करून वाचतं काय? एका रात्रीचं लॉजभाडं. बोरगावहून पचमढी दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे निघालं तर वाटेत चार ठिकाणी थांबूनही दिवस मावळायच्या आत माणूस पोचतं. एवढ्या अंतरासाठी रात्र जाळायची गरजच काय, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

बस ठरवताना एका बुकिंगवाल्याने मला समजावलं, "काकू, रात्री रस्ता खाली रायते. गाडी पळते." मी म्हटलं, "भाऊ, आम्हाले पळायचं नाही, पाहायचं आहे."

अंधारात काय काय जातं ते सांगते.

रामाकोना सोडलं की डोंगर समोर येतो. सिल्लेवानीचा घाट हिमालयातल्या घाटांपुढे लहान आहे, पण वळणं आखूड आहेत आणि दोन्ही अंगांना सागाचं रान आहे. कार्तिकात पानं अजून झाडावर असतात, कडेने तांबूस व्हायला लागलेली. दिवसा हा घाट चढताना ड्रायव्हरकडे पाहावं. डावा हात गिअरवर, नजर वळणाच्या पलीकडे, आणि दारात उभा क्लीनर बाहेर वाकून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो. उतरताना समोरून भरलेला ट्रक चढत येतो तेव्हा आपला ड्रायव्हर आधीच दहा-वीस हात मागे थांबून त्याला वळण मोकळं करून देतो. वर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा घाटातला रिवाज. कुठे एखादा ट्रक बंद पडलेला असतो, त्याच्या चाकांमागे दगड लावलेले. ट्रक दुरुस्त होऊन जातो, दगड रस्त्यातच राहतात. दिवसा क्लीनर खाली उतरून ते बाजूला करतो. रात्री ते दिव्याच्या झोतात येईपर्यंत चाकाखाली आलेले असतात.

याच डोंगरातून आमची छोटी रेल्वे जात असे. नॅरो गेजची ती गाडी 2015 च्या अखेरीस बंद झाली आणि आता मोठ्या रुळांवर गाड्या धावतात. छोट्या गाडीत बसलेल्या माणसाला घाट पाहायचा नसला तरी पाहावा लागे, इतकी ती सावकाश चढायची. माझ्या पिढीतल्या किती बायांनी डोंगर पहिल्यांदा पाहिला तो त्या खिडकीतून. आता आमच्यातल्या पुष्कळ जणींना डोंगर दाखवते ती वर्षातून एकदा होणारी ही बसच. घरचा माणूस वेगळी गाडी करून नेईल अशी परिस्थिती नाही, एकटीने जायची रीत नाही. चाळीस जणी मिळून निघाल्या तरच निघणं होतं. म्हणून त्या बसमधला उजेडाचा तास न् तास मला मोलाचा वाटतो.

छिंदवाड्याच्या पुढे तामिया. तिथल्या सरकारी विश्रामगृहाच्या आवारात कडेला उभं राहिलं की सातपुड्याच्या रांगा एकामागे एक उतरत गेलेल्या दिसतात. आणि तिथून जवळ पाताळकोट. वरून पाहिलं तर जमीन एकदम खाली गेलेली, हजार-बाराशे फूट, आणि त्या खोलगट भागात भारिया आणि गोंड लोकांची बारा गावं. दुधी नदी त्या दरीतून वाहते. ऊन तळाला उशिरा पोचतं आणि लवकर निघून जातं. रस्त्याच्या कडेला तिथल्या बाया सीताफळं घेऊन बसतात. आमच्यातली एक, जी स्वतः तोडणीला जाते, तिने भाव विचारण्याआधी विचारलं की हे डोक्यावर किती दुरून आणलं. त्या बाईने हाताने खाली दाखवलं. आमची ही तिथेच कठड्याशी उभी राहून ती पायवाट कुठून कुठे जाते ते पाहत राहिली, मग तिने टोपली हाताने उचलून वजन पाहिलं आणि सांगितल्या भावात सगळी टोपली घेतली. बसमध्ये येऊन ती बाकीच्यांना त्या पायवाटेबद्दल बराच वेळ सांगत होती. पहाटे तीन वाजता तामियावरून जाणाऱ्या बसमध्ये हे घडूच शकत नाही. आत पडदे ओढलेले असतात, बाहेर काळोख असतो, आणि बारा गावांवरून चाळीस माणसं झोपेत पार होतात.

पचमढीबद्दल सगळ्यांना माहीत आहे, तिथे मी रेंगाळत नाही. धूपगड 1,350 मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर. चौरागडला महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन जाणारी माणसं आमच्याच गावागावांतली. फक्त एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. पचमढीत मोठी बस पॉइंटांवर जात नाही. धूपगडला जायचं तर तिथली जिप्सी करावी लागते. म्हणजे पार्टी दिवसभर जिप्सीतून फिरते आणि बस स्टँडवर उभी असते. रात्रभर गाडी चालवून आलेला ड्रायव्हर त्या तापलेल्या बसमध्ये मागच्या सीटवर चादर टाकून झोपायचा प्रयत्न करतो. शेजारी दुसऱ्या बसचा हॉर्न, खाली पोरांचा गलका, मध्येच कोणी पार्टीतलं येऊन दार ठोकतं की माझी पिशवी राहिली. संध्याकाळी आपण सगळे ताजेतवाने होऊन येतो आणि त्याला म्हणतो, चला भाऊ, निघू या.

परतीला आम्ही आल्या वाटेने येत नाही. मटकुलीला देनवा ओलांडून पिपरिया, सोहागपूर, आणि मग तवा. मढईला देनवेच्या काठी उभं राहिलं की पलीकडे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल असतं आणि मध्ये नुसतं पाणी. हे पाणी तवा धरणाचं. देनवा आणि तवा जिथे मिळतात त्याच्या खाली धरण बांधलं, आणि दोन्ही नद्यांच्या खोऱ्यात पाणी पसरलं. 1974 पासून ते तुंबलेलं आहे. धरणावर पोचल्या पोचल्या सगळ्यांच्या तोंडून एकच निघतं, "अगं बाई, समुद्रच!" त्या पाण्याखाली 44 गावं गेली. बहुतेक गोंड आणि कोरकूंची. त्यांतले जे काठावर उरले त्यांनी पुढे लढून जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळवला, 1996 मध्ये तवा मत्स्य संघ उभा केला, दहा वर्षं तो स्वतः चालवला, आणि 2006 नंतर तो हक्क त्यांच्या हातातून गेला. खाली नर्मदापुरम आणि हरद्यात गहू-मूग पिकतो तो याच धरणाच्या कालव्यांवर. मी हे बसमध्ये सांगते. सहलीत असलं कशाला, असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. उलट पाण्याकडे बघत बसलेल्या बाया विचारतात, ती माणसं आता कुठे राहतात, मासे विकायला कुठे जातात, देवळं कोणत्या बाजूला होती. डोळ्यासमोर पाणी आहे म्हणून हे प्रश्न येतात. तलाव दाखवायचा तर उजेडात दाखवावा आणि उतरून उभं राहायला वेळ द्यावा. "डावीकडे तवा डॅम" असं माइकवरून सांगून बस पुढे नेली तर माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

इटारसीहून बैतूलकडे येताना बरेठा घाट आहे. तो मला सिल्लेवानीपेक्षा कठीण वाटतो, कारण तिथे भोपाळ-नागपूरची जड वाहतूक असते. रेल्वेलासुद्धा हाच डोंगर चढावा लागतो, आणि धाराखोह ते मरामझिरीच्या चढावर रेल्वे गाडीला मागून जास्तीचं इंजिन लावते. चढासाठी यंत्राला जादा बळ द्यावं लागतं हे रेल्वेने कधीच ओळखलं आहे. बसवाला मात्र त्याच ड्रायव्हरला, त्याच अंगात, तिसऱ्या रात्री हा घाट चढायला लावतो, कारण सोमवारी पहाटे पार्टी घरी पोचली पाहिजे आणि सकाळी गाडी दुसऱ्या बुकिंगवर गेली पाहिजे.

मुलताईला आम्ही तापीच्या तलावावर थांबतो. इथे तापी उगम पावते आणि सुरतेकडे अरबी समुद्राला जाते. याच तालुक्यातून वर्धा निघते, ती प्राणहिता होऊन गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. तवा नर्मदेला गेली. आणि आमची जाम नदी कन्हानला. एका सहलीत इतक्या दिशांना जाणारं पाणी ओलांडून आपण पांढुर्णा, जामसावलीचा मारुती असं करत सौंसरला येतो. हे असं वर्तुळ आमच्या दारातून निघतं आणि आमच्या दारात संपतं. काश्मीर-लडाखच्या जाहिराती पाहून आमच्या बाया हळहळतात, त्यांना मी सांगते की आधी हे वर्तुळ पुरं करू.

आता ड्रायव्हरचं. 1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम ठरवून दिलं. सलग पाच तासांवर चालवायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन दहा तासांपर्यंत सवलत. 1988 च्या मोटर वाहन कायद्याने कलम 91 मध्ये हेच तास प्रवासी आणि मालवाहू गाड्या चालवणाऱ्या सगळ्यांना लावले, म्हणजे दोनच बस असलेल्या मालकालाही. रात्री दहाला स्टेअरिंगवर बसलेला माणूस, दुपारी स्टँडवर अर्धवट झोपून, पुन्हा रात्री निघतो, तो या हिशेबात कुठे बसतो? नवे कायदे आले, कलमांचे क्रमांक बदलले, तरी माणसाच्या झोपेची गरज बदलत नाही. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोप मागतं, कितीही सवय असली तरी. चहा पिऊन, तंबाखू लावून, गाणी मोठ्याने लावून ती टळत नाही, थोडी लांबते.

1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. वेळ मध्यरात्रीनंतरची, दीडच्या सुमाराची. त्या रात्री आमच्या भागात किती घरांतून नागपूर-पुणे फोन फिरले ते मला माहीत आहे, कारण इथली पोरं त्याच बसगाड्यांनी पुण्याला नोकरीवर जातात. नोकरीवर जाणाऱ्याला कदाचित पर्याय नसतो. त्याची सुटी मोजकी, अंतर मोठं. पण सहलीला निघालेल्या माणसाला रात्रीच घाट ओलांडायची कोणती निकड आहे?

यावर मला दोन उत्तरं मिळतात, आणि दोन्ही खरी अडचण सांगणारी आहेत म्हणून नीट घेते.

पहिलं, सुटी. कारखान्यातल्या माणसाला शनिवार-रविवार मिळतो, बाईला घरचं आवरून दोन रात्रींवर बाहेर राहता येत नाही. कबूल. पण मग ठिकाण जवळचं घ्यावं. बोरगावहून पहाटे निघून तामिया आणि पाताळकोट करून रात्री आठ-नऊपर्यंत घरी येता येतं. परतीचा सिल्लेवानी दिवस मावळायच्या आत उतरायचा हिशेब धरला की झालं. तीन दिवसांचं वर्तुळ दीड दिवसात बसवायला निघालो की ते रात्रीच्या अंगावर पडतं, आणि रात्र ड्रायव्हरच्या अंगावर.

दुसरं, पैसा. इथे मी हिशेब करूनच बोलते. ड्रायव्हर आणि क्लीनरसाठी एक साधी खोली, तिचं भाडं चाळीस जणींत वाटलं तर माणशी येतं ते रस्त्यावरच्या एका चहा-नाश्त्याइतकं. आमच्यातल्या सगळ्यात गरीब बाईनेही या पैशाला कधी नाही म्हटलं नाही. जादाच्या एका रात्रीचं लॉजभाडं मात्र जड जातं, हे खरं आहे. ते आम्ही धर्मशाळेत उतरून आणि स्वयंपाकाचं सामान सोबत नेऊन भरून काढतो. पोहे, पिठलं, भाकरी, बस. पहाटे घाटात गाडीत अंग आखडून बसण्यापेक्षा धर्मशाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून झोपलेलं बाईच्या पाठीला जास्त मानवतं.

बसमालकाला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. मालक जे विकलं जातं ते विकतो. पैसे मोजणारी पार्टी असते, म्हणून अट घालायची तिनेच. आम्ही बुकिंगच्या कागदावर ती लिहून घेतो: सूर्य उगवायच्या आत आणि मावळल्यानंतर गाडी घाटात नसेल, ड्रायव्हरला मुक्कामी वेगळी खोली, दिवसात आठ तासांवर गाडी चालणार नाही, पार्टीने उशीर केला तर त्या दिवशीचा पुढचा पॉइंट सोडायचा, वेग वाढवायचा नाही. ही शेवटची अट आमच्यावरच आहे आणि तीच पाळायला सगळ्यात कठीण जाते. खरेदीत रमलेल्या चाळीस जणींना वेळेवर बसमध्ये आणणं सोपं नाही. पण एकदा पांढऱ्यावर काळं झालं की ड्रायव्हरला "जरा दामटा ना भाऊ" असं म्हणायची कोणाला सोय राहत नाही. आणि मालक ऐकतात. पहिल्यांदा ज्याने नाही म्हटलं होतं तोच पुढच्या वर्षी स्वतःहून विचारायला आला.

एक गोष्ट मात्र पार्टीच्या हातात नाही. नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस पचमढीच्या जंगलातली नागद्वार यात्रेची वाट उघडते. विदर्भातून, छिंदवाडा-बैतूलमधून लाखो माणसं येतात, मंडळं डोंगरात भंडारे लावतात, कोणी उपाशी राहत नाही. भर पावसाळा, मटकुलीपासून वरचा घाट ओला, धुकं, आणि गाड्यांची रांग. या गर्दीत प्रत्येक गाडीमागे एक माणूस असतो जो दर्शनाला जात नाही, गाडीतच बसून राहतो. नर्मदापुरमच्या प्रशासनाने पार्किंगशेजारी एक मंडप फक्त ड्रायव्हरांसाठी ठेवावा: कोरडी जमीन, सतरंज्या, पंखे, संडास, आणि लाऊडस्पीकरपासून लांब. भंडारा लावणाऱ्या मंडळांपैकी दोघा-तिघांनी हे काम अंगावर घेतलं तर सरकारची वाटही पाहावी लागणार नाही. आणि यात्रेच्या दिवसांत मटकुलीच्या नाक्यावर रात्री दहा ते पहाटे पाच बसगाड्या थांबवाव्यात. पुढच्या नागपंचमीला अजून वेळ आहे. आमच्या भजनी मंडळाने सतरंज्या द्यायचं ठरवलं आहे, ज्या मंडळाला मंडप टाकायचा असेल त्याने बोरगावला निरोप द्यावा.